काळीं मोहरीं आणि आपला स्वभाव



बुद्धिबळाची स्पर्धा खेळून मूल घरीं परतलें म्हणजे आपण त्याला पहिला प्रश्न विचारतों तो "किती डाव जिंकलास?" हा. "काळ्या मोहऱ्यांनीं किती डाव खेळलास, आणि त्यांचें काय झालें?" असें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः पुष्कळशा निराशेचें मूळ या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत सांपडतें. सात फेऱ्यांच्या स्पर्धेंत तीन किंवा चार डाव काळ्या मोहऱ्यांनीं खेळावेच लागतात. ते टाळतां येत नाहींत. वरोऱ्याच्या एखाद्या मुलानें वा मुलीनें शंभरेक किलोमीटरांवरील नागपूर गांठावें, पांढऱ्या मोहऱ्यांचे डाव हुशारीनें जिंकावे, आणि काळ्या मोहऱ्यांचे तीनहि डाव पंधराव्या खेळीच्या आंतच हातचे घालवून संध्याकाळीं परत फिरावें, हा प्रकार अनोळखी नाहीं. दोनचार वेळां असें झालें कीं मूल पट गुंडाळून ठेवतें, आणि घरचीं माणसेंहि "त्याचा पिंड या खेळाचा नाहीं" असा निकाल देऊन मोकळीं होतात. अशा वेळीं पुष्कळदां दोष मुलाच्या बुद्धीचा नसतो; त्याच्या हातीं दिलेला बचाव त्याच्या अंगचा नसतो, एवढेंच. म्हणून काळीं मोहरीं घेऊन बसणाऱ्यानें आपल्या स्वभावास साजेसा बचाव कसा निवडावा, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम काळ्याची अडचण नेमकी काय आहे तें पाहूं. पहिली खेळी पांढऱ्याची असते, म्हणून तो एका पावलानें पुढें असतो. नामांकित खेळाडूंच्या हजारों डावांचा हिशेब मांडला तर शंभर गुणांपैकीं सुमारें ५२ ते ५६ गुण पांढऱ्याच्या पदरांत पडतात. म्हणजे फरक आहे. पण तो कांहीं डोंगराएवढा नाहीं. शिवाय पांढऱ्याला आपला बेत आधीं उघड करावा लागतो, आणि काळा तो पाहून उत्तर देतो. हें उत्तर देण्याचें स्वातंत्र्य हेंच काळ्याचें भांडवल होय. पांढऱ्यानें राजापुढचें प्यादें दोन घरें पुढें टाकलें तर काळ्यापाशीं चारपांच भिन्न भिन्न उत्तरें असतात, आणि प्रत्येक उत्तरानें डावाला निराळें वळण मिळतें. डाव मोकळ्या मैदानावर होणार कीं चिंचोळ्या वाटांत होणार, हें ठरविण्यांत काळ्याचा वांटा पांढऱ्याहून कमी नसतो.

काळीं मोहरीं म्हणजे पराभवाचें अर्धें पाऊल, असें मानणाऱ्यांना आपल्याच विदर्भांतील एक ताजें उदाहरण सांगतों. २०२५ च्या जुलै महिन्यांत जॉर्जिया देशांतील बाटुमी येथें महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम फेरींत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि अनुभवानें कितीतरी ज्येष्ठ असलेली कोनेरू हंपी समोरासमोर आल्या. दीर्घ मुदतीचे दोनहि डाव बरोबरींत सुटले. जलद डावांपैकीं पहिलाहि बरोबरींत गेला. निर्णय लागला तो दुसऱ्या जलद डावांत, आणि त्या डावांत दिव्याकडे काळीं मोहरीं होतीं. तो डाव जिंकून तिनें विश्वचषक मिळविला आणि त्याच विजयाबरोबर ग्रँडमास्टर ही पदवीहि तिच्याकडे आली.

आतां प्रश्न असा कीं बचावाची निवड कशावरून करावी? याचें उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासांत मोठें मार्मिक सांपडतें. जुन्या देशी पद्धतींत बहुतेक ठिकाणीं प्याद्याला आरंभीं दोन घरें जाण्याची मुभा नव्हती. तें एकेकच घर सरके. आजच्यासारखा किल्लेकोटहि नव्हता. त्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं राजाला एकदां घोड्याची उडी घेतां येत असे. अशा नियमांत वाढलेला खेळाडू मध्यावर एकदम तुटून पडत नसे. तो प्यादीं सावकाश सरकवी, घोड्यापुढचें प्यादें एक घर वर घेऊन त्या जागीं उंट बसवी, आणि त्या लांब तिरप्या वाटेवरून दुरूनच मध्यावर नजर ठेवी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नांवाचे बॅरिस्टर होते. ते युरोपांतहि नांवाजलेले खेळाडू होते. त्यांच्याशीं महेशचंद्र बानर्जी हे बंगाली गृहस्थ वारंवार खेळत. बानर्जींनीं पाश्चात्य नियम आत्मसात केले, परंतु हाताची जुनी संवय सोडली नाहीं. १८५५ सालच्या एका डावांत काळीं मोहरीं घेऊन त्यांनीं राजाकडील घोडा बाहेर काढला, घोड्याच्या मूळ घरापुढचें प्यादें एक घर सरकविलें, आणि तिसऱ्या खेळीस वजिरापुढचें प्यादें दोन घरें टाकून पांढऱ्याच्या मध्यावर घाव घातला. तो डाव मात्र कॉक्रेन यांनीं जिंकला. पुढें १९२२ सालीं व्हिएन्ना येथें एर्न्स्ट ग्रुन्फेल्ड यानें याच पद्धतीनें अलेखिनसारख्या खेळाडूस हरविलें, आणि त्या बचावास ग्रुन्फेल्डचें नांव मिळालें. असें असलें तरी या जातीच्या सर्व बचावांना जग आज "भारतीय बचाव" म्हणूनच ओळखतें. आणि १८८४ सालीं छापलेला या नांवाचा जो जुना उल्लेख आढळतो, तो बानर्जींच्या खेळाला अनुलक्षूनच आहे.

या हकीकतीचें तात्पर्य अभिमानापुरतें नाहीं. बानर्जींनीं प्रतिपक्षाच्या पद्धतीची नक्कल केली नाहीं. आपल्या हाताला जी घडण परिचित होती, तीच नव्या नियमांत बसविली. बचावाची निवड अशीच व्हावयास हवी. ज्या तऱ्हेची स्थिति आपल्याला उमगते व सोसवते, तिच्याकडे नेणारा बचाव आपला. मग तो या वर्षीं लोकप्रिय असो वा नसो.

पांढऱ्यानें राजापुढचें प्यादें दोन घरें टाकलें आहे असें समजा. त्याला देण्याचीं चार प्रमुख उत्तरें मी स्वभावानुसार सांगतों.

पहिलें उत्तर म्हणजे आपणहि राजापुढचें प्यादें दोन घरें टाकावें. यांत डाव मोकळा होतो, घोडे आणि उंट भराभर बाहेर पडतात, राजा लवकर किल्लेकोटांत जातो, आणि चूक झाली तर तिचें फळ ताबडतोब दिसतें. नवशिक्यानें निदान एक वर्ष हेंच उत्तर द्यावें. मोहऱ्यांचा परस्परांशीं मेळ कसा बसतो हें शिकविणारी याहून चांगली शाळा नाहीं. ज्याला उघड्यावरची चकमक आवडते आणि जो दोनतीन खेळ्या पुढचें स्वच्छ पाहूं शकतो, त्यानें ही शाळा पुढेंहि सोडण्याचें कारण नाहीं.

दुसरें उत्तर फ्रेंच बचाव. १८३४ सालीं सुरू झालेल्या पॅरिस व लंडन यांमधील पत्रव्यवहारी डावावरून त्यास हें नांव पडलें. यांत काळा राजापुढचें प्यादें एकच घर सरकवितो आणि दुसऱ्या खेळीस वजिरापुढचें प्यादें दोन घरें टाकतो. पुष्कळदां पांढरा आपलें प्यादें पुढें रेटतो, मध्यभाग बंद होतो, आणि प्याद्यांच्या दोन साखळ्या एकमेकींना भिडून उभ्या राहतात. काळ्याचा वजिराकडील उंट स्वतःच्याच प्याद्यांमागें कोंडला जातो, हें या बचावाचें जुनें दुखणें. त्याच्या बदल्यांत मिळते ती भक्कम तटबंदी, आणि पांढऱ्याच्या साखळीच्या बुडाशीं वजिराकडील उंटाचें प्यादें आदळण्याची संधि. जो अडचणींत गुदमरत नाहीं, वेळ येईपर्यंत वाट पाहतो आणि मग मुळावर घाव घालतो, त्याच्यासाठीं हा बचाव.

तिसरें उत्तर कारो-कान बचाव. होरेशियो कारो आणि मार्कुस कान यांनीं १८८६ सालीं याचा अभ्यास प्रसिद्ध केला. यांत वजिराकडील उंटाचें प्यादें आधीं एक घर पुढें येतें व मग वजिराचें प्यादें दोन घरें. फ्रेंच बचावांत कोंडणारा उंट येथें बहुधा साखळीच्या बाहेर पडतो. काळ्याच्या घडणींत दोष थोडे, धोके थोडे. पण पांढऱ्यानें चूक केल्यावांचून झटपट विजयहि दुर्मिळ. ज्याला नीटनेटकें घर आवडतें, मोहरीं कमी झाल्यावर जो अधिक चांगला खेळतो आणि साठाव्या खेळीसहि ज्याचें डोकें थंड असतें, त्याला हें उत्तर मानवेल.

चौथें उत्तर सिसिलियन बचाव. येथें वजिराकडील उंटाचें प्यादें पहिल्याच खेळींत दोन घरें जातें. पांढरा बहुधा वजिराचें प्यादें देऊन मध्य उघडतो. त्यामुळें काळ्याला वजिराच्या बाजूची एक अर्धी मोकळी पट्टी मिळते, तर पांढऱ्याला विकासांत आघाडी मिळते. पुढें पांढरा काळ्याच्या राजावर धांवून येतो आणि काळा दुसऱ्या बाजूनें उलटा हल्ला चढवितो. दोन्ही बाजूंची घडण निराळी असल्यानें बरोबरीचे कंटाळवाणे डाव कमी होतात. हें शस्त्र दुधारी आहे. यांत पाठांतर फार लागतें आणि एका विस्मृतीची किंमत अख्खा डाव असते. ज्याची स्मरणशक्ति तीव्र आहे, ज्याला अभ्यासास वेळ आहे आणि राजा उघडा पडला तरी ज्याची झोप उडत नाहीं, त्यानेंच तें हातीं धरावें.

आतां पांढऱ्यानें वजिरापुढचें प्यादें दोन घरें टाकलें तर? शांत खेळाडूनें आपलें वजिराचें प्यादें समोर उभें करावें आणि त्याला राजाच्या प्याद्यानें किंवा वजिराकडील उंटाच्या प्याद्यानें जोर द्यावा. राजाच्या प्याद्याचा जोर दिला तर त्याला वजिराच्या गँबिटाचा अस्वीकार म्हणतात, आणि उंटाच्या प्याद्याचा दिला तर स्लाव बचाव. ज्याला लढाई पेटवायची असते त्यानें बानर्जींची वाट धरावी: घोडा बाहेर, घोड्यापुढचें प्यादें एक घर वर, त्या जागीं उंट. मग तिसऱ्या खेळीस मध्यावर घाव घातला तर तो ग्रुन्फेल्ड बचाव होतो. उलट वजिराचें प्यादें एकच घर सरकवून, पांढऱ्याला मध्यभाग मोकळा देऊन, किल्लेकोटानंतर राजाच्या प्याद्यानें त्यावर चालून गेलें तर त्याला किंग्ज इंडियन म्हणतात. या दुसऱ्या प्रकारांत कांहीं काळ जागेची टंचाई सोसावी लागते, पण पुढें पांढऱ्याच्या राजावर जो हल्ला होतो तो फार जोराचा असतो.

येथें थोडक्या वेळांत अभ्यास करणाऱ्यांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. दोन्ही आरंभांना दिलेलीं उत्तरें एकाच घडणीचीं असलीं तर अर्धा अभ्यास वांचतो. कारो-कान आणि स्लाव या दोहोंत प्याद्यांची मांडणी सारखीच असते. फ्रेंच बचाव आणि वजिराच्या गँबिटाचा अस्वीकार यांचेंहि तसेंच आहे. ज्या मुलाला शाळा, शिकवणी व परीक्षा सांभाळून रोज अर्धाच तास पटापाशीं बसतां येतें, त्यानें अशी जोडी निवडावी. एका घरचा वजीर दुसऱ्या घरांत अनोळखी राहत नाहीं.

परंतु आपला स्वभाव कोणता हें ओळखावें कसें? बहुतेक मुलें "मला आक्रमक खेळ आवडतो" असें सांगतात. त्यांच्या बोलण्यावर निवड करूं नये. त्यांच्या वहीवर करावी. काळ्या मोहऱ्यांनीं खेळलेले अलीकडचे वीस डाव काढावे आणि प्रत्येक डावासमोर चार गोष्टींची नोंद करावी. वजीर लवकर कापले गेले तेव्हां निकाल काय लागला? मध्य बंद राहिला तेव्हां काय झालें, व उघडा पडला तेव्हां काय झालें? डाव गमावला तो राजावरच्या हल्ल्यानें, कीं हळूहळू गळा आवळला गेल्यानें? आणि घड्याळांतील वेळ कोणत्या टप्प्यावर संपला? वीस डावांच्या या चार ओळी स्वभावाविषयीं जें सांगतील तें मूल स्वतः, त्याचे पालक किंवा त्याचा शिक्षक यांपैकीं कोणासहि सांगतां येणार नाहीं.

हा हिशेब करतांना एका भेदाकडे मात्र बारकाईनें लक्ष द्यावें. आवड निराळी आणि उणीव निराळी. एखादा मुलगा वजीर कापूं देत नाहीं तो आक्रमक आहे म्हणून, कीं वजिरावांचूनचा डाव त्याला खेळतां येत नाहीं म्हणून? एखादी मुलगी बंद डाव पसंत करते ती संयमी आहे म्हणून, कीं उघड्या डावांतील हिशेबाची तिला भीति वाटते म्हणून? बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. स्वभावाला अनुसरून बचाव निवडणें हें शहाणपण आहे; उणीव झांकण्यासाठीं बचाव निवडणें हें तिला जन्मभर पोसणें आहे. यावर उपाय सोपा आहे. स्पर्धेंत आपल्या प्रकृतीचा बचाव खेळावा आणि घरच्या सरावांत मुद्दाम उलट प्रकृतीचा खेळावा. सहा महिन्यांनीं वही पुन्हां उघडली म्हणजे पूर्वीं ज्याला आपण स्वभाव म्हणत होतों त्याचा कांहीं भाग गळून पडलेला दिसेल. जो उरेल तोच खरा.

मोठ्या खेळाडूंनींहि निवड करतांना हाच विचार केलेला आहे. २००० सालीं लंडन येथें व्लादिमिर क्राम्निक यानें जगज्जेत्या कास्पारोवला आव्हान दिलें. कास्पारोवचें बळ हल्ल्यांत आहे हें जाणून क्राम्निकनें काळ्या मोहऱ्यांनीं बर्लिन बचाव पुढें केला. त्यांत आठव्या खेळीच्या सुमारास दोन्ही वजीर पटावरून जातात, आणि हल्लेखोराच्या हातांत शस्त्रच राहत नाहीं. पंधरा डावांत कास्पारोवला एकहि डाव जिंकतां आला नाहीं व जगज्जेतेपद क्राम्निककडे गेलें. पुढें २००८ सालीं बॉन येथें आपल्या विश्वनाथन आनंदानें त्याच क्राम्निकविरुद्ध स्लाव घडणीचा एक अत्यंत धारदार फांटा निवडला. संथ डावांत अजिंक्य वाटणाऱ्या माणसाला त्यानें गुंतागुंतींत ओढलें, आणि तिसरा व पांचवा असे दोन डाव काळ्या मोहऱ्यांनीं जिंकले. याच आनंदानें २०१० सालीं सोफिया येथें टोपालोवविरुद्धच्या शेवटच्या, बाराव्या डावांत काळ्या मोहऱ्यांनीं जुना, भक्कम असा वजिराच्या गँबिटाचा अस्वीकार खेळला. बरोबरी टाळण्याच्या घाईंत टोपालोवनें मर्यादा ओलांडली आणि आनंदाचें पद राहिलें. या तीनहि प्रसंगीं आधीं माणूस ओळखला गेला व मग खेळ्या निवडल्या गेल्या. आपण प्रतिपक्षाला ओळखण्याइतके मोठे नसूं. पण स्वतःला ओळखणें तर आपल्या हातीं आहे.

आजकाल भ्रमणध्वनीवरील यंत्र क्षणार्धांत सांगतें कीं अमुक बचाव बरोबरीचा व तमुक किंचित् दुबळा. त्या आंकड्यानें गोंधळून जाऊं नये. यंत्राला तो "किंचित् दुबळा" डाव सांभाळतां येतो, व समोरच्या मुलाला त्या किंचित् फायद्याचें सोनें करतां येत नाहीं. आपल्या पातळीवर निकाल लागतो तो कोणाला पुढें काय करावयाचें तें कळत होतें, यावरून. वीस खेळ्या पाठ असलेल्या मुलासमोर प्रतिपक्षानें चौथ्याच खेळीस पुस्तकाबाहेर पाऊल टाकलें म्हणजे पाठांतर तेथेंच संपतें. म्हणून प्रत्येक बचावाबाबत चारच गोष्टी मुलानें स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवाव्या: माझीं मोहरीं कोठें बसतात, मी कोणतें प्यादें केव्हां तोडावयाचें, कोणतें मोहरें कापलें गेलेलें मला हवें आहे, आणि डावाचा शेवट कोणत्या रूपाचा झाला तर तो मला मानवेल. हीं उत्तरें ठाऊक असलीं तर विसरलेली खेळी पटावर पुन्हां शोधून काढतां येते.

आणि शेवटीं धीर. निवडलेला बचाव निदान एक वर्ष बदलूं नये. दोन पराभव झाले कीं बचाव बदलणारा मुलगा प्रत्येक बचावाचीं पहिलीं संकटेंच तेवढीं पाहतो. त्याचीं सुखें त्याला कधींच दिसत नाहींत. आपल्या ताडोब्याच्या रानांत वाट दाखविणारा माणूस सगळें अरण्य पाठ करीत नाहीं; तो रोज एका वाटेनें जातो, म्हणून त्या वाटेवरची मोडलेली फांदीहि त्याला दिसते. वरोऱ्यासारख्या गांवांत शिक्षक थोडे आणि समोर बसणारे खेळाडू त्याहून थोडे, ही अडचण खरी. पण पंजाबांतील मीर सुलतान खान देशी पद्धतीनें खेळ शिकून विलायतेस गेला. डावाच्या आरंभाचें पुस्तकी ज्ञान त्याला बेताचेंच होतें. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ या तीन सालीं ब्रिटिश अजिंक्यपद त्यानें मिळविलें. त्याच्याकडे भांडवल होतें तें पटावरची स्थिति स्वतःच्या डोळ्यांनीं पाहण्याचें.

तेव्हां पालकांना माझी एवढीच विनंति आहे कीं पुढच्या स्पर्धेपूर्वीं नवें पुस्तक विकत घेण्याआधीं जुनी वही उघडा. वीस डाव मुलाच्या शेजारीं बसून पहा. तें कोठें रमतें, कोठें दचकतें आणि कोठें नुसतेंच घाबरतें, हें त्या वहींत लिहिलेलें आहे. त्यावरून एक बचाव निवडा आणि त्याला वर्षभर मुदत द्या. मग स्पर्धेच्या फलकावर आपल्या नांवासमोर काळीं मोहरीं लागलेलीं पाहून मुलाचा चेहरा पडणार नाहीं. आपल्या ओळखीच्या घरीं जावयाचें आहे, एवढेंच त्याला वाटेल.